तारीख विचारणारं यंत्र

मामींना सगळा छापखाना मामीच म्हणायचा. त्यांची भाची म्हणायची, तिचं ऐकून बाकीच्यांनीही उचललं. छापखाना म्हणजे दोन खोल्या. बाहेर जाड कागदांचे गठ्ठे, आत ब्रेलचे ठिपके उठवणारा प्रिंटर आणि त्याला पान पान भरवणारा कॉम्प्युटर. छापलेली पुस्तकं अंधशाळांत जायची. त्याआधी प्रत्येक पान छापखान्यातले एकमेव तपासनीस बोटांनी वाचायचे. त्यांना जन्मापासून दिसत नव्हतं, आणि मामींना वहिनी म्हणणारे तेवढे तेच. चूक त्यांच्या बोटाखालून निसटायची नाही आणि टोमणा त्यांच्या ओठांवर थांबायचा नाही.

मजकुराचे ठिपके करणारा प्रोग्राम फार जुना. तो लिहिणाऱ्यांचा पत्ता कुणालाच ठाऊक नव्हता, आणि तो ज्या कॉम्प्युटरवर चालायचा त्याने धूर सोडून मान टाकली होती. तेव्हा भाची धावून आली. ती एका मोठ्या दवाखान्याचे लिनक्सचे सर्व्हर सांभाळायची. तिने नव्या कॉम्प्युटरवर एम्युलेटर बसवला, म्हणजे जुन्या कॉम्प्युटरचं हुबेहूब सोंग घेणारा प्रोग्राम. जुनं खोड त्या सोंगाला भुललं आणि आपल्याच घरी असल्यासारखं कामाला लागलं.

खोट एवढीच, की ते सोंग पडद्यावरच्या एका खिडकीत चालायचं. खिडकी बंद झाली की छपाई बंद. एकदा टेबल पुसताना झाडूवाल्या बाईंचा हात माउसवर पडला, खिडकी मिटली आणि भूगोलाच्या पुस्तकातल्या नद्या मध्येच आटल्या. तेव्हापासून मामी पडद्यासमोर ठाण मांडून बसल्या. जेवण तिथेच, चहा तिथेच.

तिकडे दुसऱ्या गावी त्यांच्या मुलीचे दिवस भरत आले होते. पहिलंच बाळंतपण.

"आई, तू येणार आहेस, की त्या कॉम्प्युटरच्याच उशाशी बसणार?" मुलीने फोनवर विचारलं.

"शाळांची पुस्तकं अडकलीयत गं."

"पुस्तकं थांबतील. हे थांबणार नाही."

मामींनी फोन ठेवला. मग भाचीला बोलावून घेतलं.

"खिडकीच काढून टाकू," भाची म्हणाली. "एम्युलेटरची सर्व्हिस करते. पडद्यामागे चालेल. कॉम्प्युटर सुरू झाला की आपोआप सुरू, पडला तर आपोआप उठेल. चुकून बंद करायला समोर काही उरणारच नाही."

"आणि चालू आहे हे मला दिसणार कसं?"

"नाही दिसणार. तुझ्या पोटात जेवण पचतं, ते तू बघत बसतेस का, मामी?"

"नाही पचलं तर कळतं मला!"

कोपऱ्यात पानांवरून बोटं फिरवणारे तपासनीस हसले. "वहिनी, माझं आयुष्य गेलं इथे. त्या खिडकीचं तोंडसुद्धा मी पाहिलेलं नाही. अडलं का माझं काही?"

भाचीने सर्व्हिस केली. पडदा रिकामा झाला. मामींना त्याच्या काळ्या काचेत नुसता आपला काळजीने ओढलेला चेहरा दिसत होता.

"आता प्लग काढ," भाची म्हणाली. "तू गावाला असताना वीज जाणारच. आत्ताच बघून घेऊ."

मामींनी जिवावर आल्यासारखं करत प्लग उपटला आणि पुन्हा लावला. कॉम्प्युटरचे दिवे लागले. पंखा घुमू लागला. प्रिंटर मात्र गप्प.

भाचीने आपल्या लॅपटॉपवर पाहिलं. "सर्व्हिस चालू आहे म्हणतंय. सगळं हिरवं आहे."

"हिरवं असेल, पण मुकं आहे," मामी खुर्चीत टेकल्या. "राहू दे गं. मी नाही जात. तिच्या सासूबाई आहेत तिथे."

"जरा थांबा," तपासनीस म्हणाले. त्यांनी कान प्रिंटरकडे वळवला होता. "वहिनी, रोज सकाळी हा जागा व्हायच्या आधी तुम्ही काहीतरी टकटक करता. थोडीशीच. आज ती ऐकू आली नाही."

मामींनी कपाळावर हात मारला. "तारीख! उठल्या उठल्या तो विचारतो, आज तारीख काय? मी टाकते, मग पुढे सरकतो. हातालाच इतकं सवयीचं झालंय, की सांगायचं सुचलंच नाही."

"म्हणजे बिचारा आत तारीख विचारत बसलाय आणि उत्तर द्यायला कुणी नाही!" भाची हसत सुटली. "थांब, त्याने विचारायच्या आधीच त्याला सांगायची सोय करते."

"खरी सांगू नकोस हं! नवं शतक त्याला ठाऊकच नाही. ऐकलं की रुसतो. अठ्ठावीस वर्षं मागची दे, वारसुद्धा जुळतात."

"तू रोज त्याच्याशी खोटं बोलतेस?"

"त्याच्या वयाचा मान ठेवते."

पुन्हा प्लग निघाला, पुन्हा लागला. तिघंही कान देऊन उभे. आधी पंखा घुमला, मग बराच वेळ काहीच नाही. मामींनी पदराचं टोक मुठीत आवळलं. आणि प्रिंटर एकदम खडखडला. पहिलं पान बाहेर सरकताच तपासनिसांनी त्यावर बोटं ठेवली.

"नदी समुद्राला मिळते," त्यांनी वाचलं. "मिळाली एकदाची. जा आता, वहिनी."

मामी दुसऱ्याच दिवशी गेल्या. नात झाली. दोन्ही मुठी मिटून गाढ झोपणारी.

मामींनी एकदा, एकदाच हं, छापखान्यात फोन केला. तपासनीस "हॅलो" म्हणाले आणि लगेच त्यांनी फोन प्रिंटरजवळ धरला. ती खडखड मामी मिटल्या डोळ्यांनी ऐकत राहिल्या.

संध्याकाळी मुलगी सारखी उठून पाळण्यात डोकावत होती. चेहऱ्यावर पांघरूण तर आलं नाही, श्वास चाललाय ना.

"अगं, पड जरा," मामी म्हणाल्या. "बघितलंच पाहिजे असं नाही. ऐकू येतोय की श्वास."

मुलगी कमरेवर हात ठेवून आईकडे बघतच राहिली. "हे तू सांगतेस? तू?"

मामी तोंडाला पदर लावून हसल्या. मग मुलीला झोप लागल्यावर हळूच उठून त्यांनी स्वतःच पाळण्यात एकदा डोकावून घेतलं.