खिशात राहिलेला शब्द

नानांची वाचा गेली, तेव्हा त्यांच्या धाकटीने बोलणारं यंत्रच बनवलं. हार्डवेअरमधली पोरगी ती, स्वस्थ थोडीच बसणार. यंत्रात प्रोसेसर दोन. नानांची नजर पडद्यावरच्या कुठल्या शब्दावर थांबते ते पहिला टिपायचा, आणि दुसरा ते शब्द बोलून दाखवायचा. मेमरी मात्र दोघांत एकच. पहिल्याने शब्द ठेवायचे, दुसऱ्याने उचलायचे, आणि एक जण आत असला की दुसऱ्याने दाराशी थांबायचं.

यंत्र "मला दूध" म्हणालं की थोरला भाऊ, म्हणजे दादा, लगेच पेला भरून आणायचा. डोळ्यांनी बोलायचं म्हणजे माणूस मोजकंच बोलणार, असं दोघांनी धरलेलं. काल डॉक्टरांनी ऑपरेशनचं विचारलं. यंत्र म्हणालं, "मला ऑपरेशन." दादाने होकार कळवूनही टाकला. ऑपरेशन उद्या होतं.

आज दुपारी दूध पिताना नानांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. मागून घेतलेलं दूध असं कोण पितं? धाकटीच्या डोक्यात किडा वळवळला.

ती स्वतः पडद्यासमोर बसली. एक, दोन, तीन, चार असे शब्द नजरेने निवडून तिने डोळे मिटले. वाक्य संपल्याची खूण तीच.

"एक दोन तीन," यंत्र म्हणालं.

चार गेला कुठे? पुन्हा करून पाहिलं, पुन्हा चार गायब. मग तिला तहानभूक सुचेना. प्रोग्रॅमची ओळन् ओळ चाळली तेव्हा चोर सापडला. पहिला प्रोसेसर ताजा शब्द स्वतःच्या खिशात ठेवायचा आणि पुढचा आला की मगच मेमरीत टाकायचा. शेवटच्या शब्दाला पुढचा येणार कुठून? तो बिचारा खिशातच राहायचा आणि नवं वाक्य सुरू झालं की पुसला जायचा. आणि आपल्या भाषेत हवं-नको शेवटीच येतं.

खिसा रिकामा केल्याशिवाय दार सोडायचं नाही, अशी एक ओळ तिने घातली आणि दादाला बोलावून सगळं सांगितलं.

"नाना, ऑपरेशनचं पुन्हा एकदा सांगता?" तिने विचारलं. 'नको' ऐकायची तिने मनाची तयारी केली होती.

नानांची नजर पडद्यावर सावकाश फिरली. डोळे मिटले.

"मला ऑपरेशन हवं."

धाकटीला रडू फुटलं. नानांनी मात्र डोळे उघडून दादाकडे रोखून पाहिलं आणि नजर पुन्हा पडद्यावर नेली.

"मला दूध नको."

पेल्यात उरलेलं दूध दादाने मुकाट्याने स्वतः पिऊन टाकलं.