वर्षभर नेसलेलं लुगडं

हिवाळ्यातल्या सकाळी ज्वारीच्या खळीचा उबदार, आंबूस वास आला की मला माझ्या मोठ्या जाऊबाई दिसतात. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बांबूंवर पसरलेला ताणा, कोवळ्या उन्हात उजळून निघालेले त्याचे असंख्य उभे धागे, आणि कडेकडेनं खळीत बुडवलेला कुंचा फिरवत चाललेली त्यांची, सगुणाबाईंची, उंच, सडपातळ आकृती. सुताला खळ पाजून ते मागावर चढण्याजोगं करायचं, याला आम्ही विणकर पाजणी म्हणतो. माझं माहेर उमरेडचं, तेही विणकराचंच, त्यामुळे पाजणी मला नवी नव्हती. पण तुटलेला धागा दोन बोटांत वळून पुन्हा जोडताना कुणाचा चेहरा इतका शांत झालेला मी पाहिला नव्हता. चालताना त्यांचे ओठ सारखे हलत असत. देवाचं नाव घेत असतील, असं मी समजत असे.

सत्तरच्या दशकाची ती सुरुवात होती आणि मी नुकतीच नागपूरच्या त्या घरात सून म्हणून आले होते. दिवाळीच्या तोंडावर आमचा माल घेणाऱ्या इतवारीतल्या शेटजींनी लुगड्यांचं गाठोडं परत पाठवलं. लाल काठाचा रंग पहिल्याच धुण्यात लुगड्याच्या फिक्या अंगात उतरला होता, गिऱ्हाइकं ओरडत होती. यापुढे आपण यंत्रमागाचाच माल घेणार, असा त्यांचा निरोप होता. घरावर अवकळा आली. माग मोडून टाकायचे आणि मोठ्या दिरांनी आणि माझ्या नवऱ्यानं गिरणीची वाट धरायची, असं जवळजवळ ठरलंच होतं. तेव्हा जाऊबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन एवढंच म्हणाल्या, "एक वरीस थांबा. मग मोडा."

त्यांच्या शब्दात असं काही होतं की मोठ्या दिरांनी मान हलवली. मग जाऊबाईंनी काठाचं सूत नव्यानं रंगवलं आणि पाणी अगदी नितळ येईपर्यंत पुन्हापुन्हा धुतलं. त्या सुताचं पहिलं लुगडं मागावरून उतरलं, मोतिया अंगाचं आणि लालभडक काठांचं, ते त्यांनी स्वतःच नेसायला काढलं. पुढे कामाच्या दिवशी त्यांच्या अंगावर मी दुसरं काही पाहिलं नाही. वैशाखाचं रणरणतं ऊन त्यानं झेललं, श्रावणाची ओल झेलली, रोज धोंड्यावरचा मार खाल्ला. दीर कावले.

"अवं, काही चांगलं नेस ना! लोकं म्हणतीन, घरात दोन माग अन् बाईच्या अंगावर चिंधी."

"चिंधी होते का नाही, तेच त पाहून राहिली मी," त्या हसून म्हणाल्या.

इकडे गिऱ्हाईक नसताना दोन्ही माग खडखडत होते आणि तयार लुगडी पेटीत साठत होती. शेटजी नाहीच म्हणाले तर वर्षाची मेहनत कुजणार होती. मी धसका घेतला होता, त्या मात्र रोज सकाळी कुंचा फिरवत, ओठ हलवत चालत राहिल्या.

पुन्हा दिवाळी जवळ आली तेव्हा त्यांनी मला सोबत घेतलं. शेटजींच्या पेढीवर पांढऱ्याशुभ्र चादरीची गादी होती आणि इतर विणकर कोऱ्या, कडक घडीच्या लुगड्यांचे ढीग मांडून बसले होते. जाऊबाईंनी गाठोड्यातून आधी ते जुनं, मऊ पडलेलं लुगडं काढलं आणि गादीवर पसरलं. शेटजींनी हात मागे घेतला.

"बाई, हे वापरलेलं कापड आहे! माझ्या गादीवर?"

इतर विणकर माना वळवून पाहू लागले. मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. जाऊबाईंचा आवाज मात्र सकाळच्या उन्हासारखा स्वच्छ होता.

"वर्षभर नेसलं, शेटजी. उन्हात, पाण्यात, धोंड्यावर आपटून. नवं त सारेच दाखवतेत. काठाचा रंग अंगात उतरला असन त मले दाखवा, मी माग मोडतो."

आणि मी चमकून त्यांच्या ओठांकडे पाहिलं. देवाचं नाव नव्हतंच ते, त्या वर्षभर हेच बोलणं घोकत होत्या. ती लय, ते मधेच थांबणं, ओठांची ती हालचाल मी पाजणीच्या वेळी रोज पाहिली होती. सुताबरोबर ही बाई वर्षभर स्वतःलाही खळ पाजत होती.

शेटजींनी पाण्याचा तांब्या मागवला. काठाचा कोपरा भिजवून त्यांनी तो त्या पांढऱ्या चादरीवर जोर देऊन घासला. चादर पांढरीच राहिली. त्यांनी लुगडं उजेडाकडे धरलं, खाली ठेवलं आणि हळू आवाजात विचारलं, "नवी आणलीत?"

"आणली ना," म्हणत जाऊबाईंनी गाठोड्याची गाठ पूर्ण सोडली. "पेटीभर घरी आहेत."

बाहेर गल्लीच्या वळणावर आल्यावर त्यांनी माझा हात घट्ट धरला. त्यांचा तळवा घामानं चिंब होता.

"जराशी थांब वं. पाय कापून राहिले माये."

इतकं भय पोटात बाळगून इतकं ताठ बसता येतं, हे मला त्या दिवशी कळलं, आणि त्या बाईपुढे माझं मन कायमचं लवलं.

माग पुढेही पुष्कळ वर्षं चालले. आता जाऊबाई नाहीत, गल्लीत ताणा पसरत नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांचा आवाजही मला नीट आठवेनासा झाला आहे. ते लुगडं माझ्याकडे आहे. हिवाळ्यात ते उन्हात घालण्याआधी मी पाण्यातून काढते आणि प्रत्येक वेळी उगीचच घमेल्यात वाकून पाहते. काळानं त्यांचं सगळं धुऊन नेलं, पण पाणी अजून नितळच येतं.