झुडपामागची वाट

चिमट्याच्या टोकाला वापरलेला डायपर लोंबत होता. ज्या दगडावर तो सापडला त्यावर पिवळा बाण होता, समुद्राकडे जाणाऱ्या चालवाटेची खूण. वाटराख्याने तो गेल्याच महिन्यात नव्याने रंगवला होता. एवढ्या मोठ्या कड्यावर बाळाच्या आईबापांना दुसरा दगड म्हणून सापडला नाही!

"शी!" तो मोठ्याने म्हणाला आणि डायपर पोत्यात टाकला.

समुद्रकाठच्या वाटा राखणं हे त्याचं काम. झुडपं छाटायची, पायऱ्या बसवायच्या, खुणा रंगवायच्या. निदान नोकरीला लागला तेव्हा तरी हेच होतं. आता दिवसाचा बराच वेळ लोकांची घाण उचलण्यात जाई आणि खात्यातले लोक त्याला चिमटेमामा म्हणत.

पुढच्या वळणावर फांदीला निळी पिशवी टांगलेली होती. कुत्र्याची घाण पिशवीत भरायची, वर सुबक गाठ मारायची आणि झाडाला लटकवायची, ही एक नवीनच तऱ्हा निघाली होती. मालक तिथेच उभा होता. नवेकोरे बूट, हातात चालायच्या काठ्या, शेजारी कुत्रा.

"ही तुमची का हो?"

"येताना नेणार होतो की."

"ही वाट पलीकडच्या गावात उतरते. येताना इथे कसे याल?"

"मग तुम्ही आहातच ना! इथे आम्ही निसर्गासाठी येतो, कटकटीसाठी नाही."

वाटराख्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण अंगावर गणवेश होता. त्याने पिशवी सोडवली. म्हणे निसर्गासाठी! घरातल्या झुंबराला टांगून ठेव म्हणावं अशी पिशवी.

मोठ्या वळणावर दाट काटेरी झुडूप होतं. त्याच्यामागून एक पायवाट खाली वाळूच्या इवल्याशा पुळणीवर उतरत होती. नकाशात ती नव्हती, कारण तिच्या तोंडावरचं झुडूप त्याने वर्षानुवर्षं मुद्दामच छाटलं नव्हतं. लग्न झाल्यापासून सुट्टीच्या दिवशी तो आणि बायको तिथे जाऊन बसत. तिचा एक सपाट दगड ठरलेला होता. पुढे तिचे गुडघे गेले. तरी रोज संध्याकाळी ती विचारायची, "पुळण काय म्हणते?" आणि तो सांगायचा, "आहे तशीच आहे." गुडघ्यांची शस्त्रक्रिया जवळ आली होती. त्यानंतर उतार कायमचा बंद, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून येत्या रविवारी तिला एकदा खाली न्यायचं त्याने कबूल केलं होतं.

आज तिथे लोकांची वर्दळ होऊन गेलेली दिसली. वाटेवर बुटांचे ठसेच ठसे.

तो धावतच खाली उतरला. विझलेली शेकोटी, फुटक्या बाटल्या, खडकाआड माणसांची घाण आणि तिच्यावर ओले कागद, माश्या. बायकोच्या दगडावर कुणीतरी ओकून ठेवलं होतं. मग समुद्राचं पाणी आणून आणून त्याने दगड घासला आणि पोतं भरलं.

वर चढताना त्याला छाटलेल्या फांद्या दिसल्या. तिरका, स्वच्छ छेद. त्याच्याच कात्रीचा. बायकोला काटे ओरबाडू नयेत म्हणून गेल्या आठवड्यात त्यानेच ही वाट मोकळी केली होती. हात सवयीने चालला होता. दोन्ही बाजू सारख्या छाटलेल्या, तोंडाशी नीट बसवलेली दगडी पायरी. वाट करायची तर दुसऱ्या तऱ्हेने करणं त्याला जमतच नव्हतं. अशी पायरी पाहिल्यावर कुणालाही वाटणार, खात्याने नवी वाट उघडली. सकाळपासून दुसऱ्यांची किळस करत फिरलेल्या त्या माणसाला आता स्वतःचीच शिसारी आली.

"पुळण काय म्हणते?" संध्याकाळी बायकोने विचारलं.

तो बूट काढत राहिला.

"अहो, बोला ना."

त्याने सगळं सांगितलं, छाटणीसकट.

"माझ्या दगडावर?"

"घासलाय मी. पण ते पुन्हा येणार."

बायको गुडघे चोळत राहिली. "रविवारी जायचंच. पण खाली नको. तुम्ही उघडलंत, तुम्हीच बुजवा. मी फांद्या देते हातात."

"अगं, मग तुझं जाणं राहिलंच! आणि मलाही उतरता यायचं नाही. एकाचा जरी पाय पडत राहिला तरी वाट मरत नाही."

"कळतंय मला. इतकी वर्षं वाटांच्याच गोष्टी ऐकतेय ना तुमच्या?"

रविवारी ती घडीच्या स्टुलावर बसली आणि एकेक फांदी पुढे करत गेली. त्याने पायरी उखडली, माती भुसभुशीत केली, वर पालापाचोळा पसरला आणि पहिल्या वळणापर्यंत काटे रचले. तेवढं बुजलं की बाकीची वाट आपोआप गवतात जाते.

पाठीवर पिशव्या घेतलेलं एक जोडपं थांबलं. "काकू, इथूनच खाली जाता येतं ना? फोटो पाहिले होते आम्ही."

वाटराख्याने मान वर केली. त्याच्या जिभेवर बरंच काही आलं होतं.

"नाही हो," बायको शांतपणे म्हणाली. "इथे काही नाही."

ते पुढे गेले. शेवटची फांदी तिच्या मांडीवर होती. खालून लाटांचा आवाज येत होता. तो आवाज थांबेपर्यंत वाट बघावी तशी ती ऐकत बसली, मग तिने फांदी त्याच्या हातात दिली. त्याने ती रचली. बायकोने मांडीवरचा पाला झटकला आणि उठण्यासाठी त्याच्याकडे हात केला.