पेटीतला फवारा

दुलीचंद पटल्यांच्या घराण्यात जमिनीपेक्षा शिंकेची वाटणी जास्त इमानानं झाली होती. बाप शिंकायचा, दुलीचंद शिंकत, आणि धान निसवून फुलोऱ्यावर आलं की त्यांची सतरा वर्षांची लेक दुर्गेश्वरी एका दमात सात-आठ शिंका देई. ‘पटल्यांचं रक्त आहे,’ असं दुलीचंद पाहुण्यांना कौतुकानं सांगत, आणि पोरगी नाक पुसत हसे.

यंदा ती हसेनाशी झाली. दुलीचंदांच्याच धानाच्या बांधीत सारसाच्या जोडीनं घरटं केलं, पिल्लू निघालं. पहाटे धुऱ्याच्या मातीच्या बांधाआड बसून त्याची राखण करायला गावातली पोरं जमली. त्यांचा मुखिया, कॉलेजात शिकणारा इंद्रकुमार. दुर्गेश्वरी पहिल्याच दिवशी शिंकली. सारस उठले, पिल्लू धानात दडलं आणि बराच वेळ कुणाला दिसेना. इंद्रकुमारनं फार नरमाईनं सांगितलं, की तिनं धान कापल्यावर यावं. तोवर पिल्लू तिथं राहणार नाही, हे त्यालाही माहीत होतं. त्या दिवशी पोरगी जेवली नाही, आणि दुलीचंदांना रक्ताचा अभिमान पहिल्यांदाच जड गेला.

गोंदियाच्या डॉक्टरांनी नाकात मारायचा फवारा दिला. ‘रोज मारा’ म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. पण पटल्यांकडे चांगली वस्तू आली की पेटीत जाते. पोळ्याचं धोतर, दिवाळीची साडी, पाहुण्यांचे कप, सगळं तिथंच. दुर्गेश्वरीच्या आईनं, सुमित्राबाईंनी, फवारा रुमालात गुंडाळून कपांशेजारी ठेवला. दुर्गेश्वरीलाही ते पटलं. सारसाच्या पहाटेसाठीच तर आणला होता. इंद्रकुमारकडून मागून घेतलेली ती पहाट आली. धुऱ्यावर तिनं मान मागं टाकली, आभाळाकडे नाक करून तीनदा दाबलं आणि असं ओढलं की औषध थेट घशात. तोंड कडू झालं. मग शिंकली. इंद्रकुमार पोरांना घेऊन गावाकडे वळला, आणि तेच तिला जास्त लागलं.

दुसऱ्या खेपेला डॉक्टर टीना नावाची तरुण बाई भेटली. ती रागावली नाही. कसा मारता ते करून दाखवा, म्हणाली. धानावर पंपानं फवारण्यात उभी हयात गेलेले दुलीचंद पुढं सरसावले. त्यांनी मान मागं टाकली, डोळे मिटले. डॉक्टरीणबाईंनी गंभीर चेहऱ्यानं पाहून घेतलं.

“काका, हिचं नाक आतून सुजलं आहे. सूज हळूहळू उतरते. आज मारून आज नाही होत. बरं वाटलं तरी धानाचा फुलोरा सरेपर्यंत रोज.”

मग रीत सांगितली. बाटली हलवायची. कपाळ जरा खाली. उजव्या हातानं डाव्या नाकपुडीत, डाव्यानं उजव्या. टोक मधल्या पडद्याकडे नाही, कानाच्या बाजूला. श्वास हळू, फुलाचा वास घ्यावा तसा. नंतर दोघांकडून वदवून घेतलं. दुर्गेश्वरीनं न अडखळता सांगितलं. दुलीचंद हातांच्या अदलाबदलीत अडकले, तेव्हा पोरीनंच त्यांना सोडवलं.

फवारा पेटीतून निघून दंतमंजनाच्या डब्याशेजारी आला. दुलीचंद रोज सकाळी मुकादमासारखे दारात उभे राहत.

“खाली पाह्य. आभाळात काय ठेवलं हाय?”

“बाबूजी, तुमी चहा प्या ना जाऊन.”

आधी काहीच फरक पडेना. पेटीतच बरा होता, असं सुमित्राबाई म्हणाल्या. मग एका सकाळी अंगण झाडून झालं तरी घरात काहीतरी कमी वाटत राहिलं. पोरीची शिंक हरवली, हे कळायला चहा संपावा लागला.

इंद्रकुमारनं आणखी एक पहाट दिली. जामीन म्हणून दुलीचंद सोबत गेले. दवानं ओल्या धानात दोन लालबुंद माना उठल्या, आणि मध्ये तपकिरी पिल्लू, स्वतःच्याच पायांवर भरवसा नसल्यासारखं. सगळे तिकडे पाहत होते. दुलीचंद पोरीच्या नाकाकडे पाहत होते. नाक शांत होतं.

तेवढ्यात त्यांचंच रक्त उसळलं. तोंडात खांद्यावरचा दुपट्टा कोंबून ते धुऱ्यावरून रांगत निघाले, पार सडकेपर्यंत, आणि तिथं त्यांनी घराण्याचं नाव राखलं. लांब धानात सारसांनी नुसत्या माना वळवल्या.

उजाडल्यावर दुर्गेश्वरी आली, ओले डोळे आणि कोरडं नाक घेऊन.

“पिल्लू पाह्यलं, बाबूजी. तुमी काऊन नाही पाह्यलं?”

“तुह्या नाकाकडं पाहून राहिलो होतो.”

 ती त्यांच्या दुपट्ट्याला लागलेला चिखल झाडत राहिली.

“उद्या डॉक्टर मॅडमकडं जाऊ. तुमची शीशी येगळी आणू.”

“मले कायले?”

“पिल्लू पाहाले. आन् पेटीत नाही ठेवाची.”

दुलीचंदांनी मान डोलावली. कपाळ जरा खाली घेऊनच.