उठता उठता पडणारी मशीन

मित्रांनो, मी चाकणच्या एका कारखान्यातली जुनी सर्व्हर मशीन आहे. इथं गाड्यांचे ब्रेक बनतात. कोणता ब्रेक कोणी तपासला, तो पास झाला की नापास, हे सगळं माझ्या पोटात असतं. मला विचारल्याशिवाय इथला एकही कॉम्प्युटर पुढं सरकत नाही.

मला इथं आणलं कोंडीरामअण्णांनी. ते जवळच्याच गावचे. सकाळी आले की माझ्या तोंडावरच्या जाळीची धूळ आधी स्वतःच्या रुमालानं पुसायचे. "काय बाई, बरी हायेस न्हवं?" म्हणायचे. खंडेनवमीला सगळ्या मशिनींची पूजा व्हायची, तेव्हा अण्णा माझ्या माथ्यावर कुंकवाचं बोट लावून एकच फूल ठेवायचे. पुढं ते निवृत्त होऊन राजगुरुनगरला लेकीकडं राहायला गेले. त्यानंतर माझं नाव 'डबडं' पडलं.

आता साहेब आहेत जयसिंगराव. माझी देखभाल करते तनुजा, पिंपरीतल्या एका कामगाराची मुलगी. दोघांचं पहिल्यापासून पटलं नाही. यंदा खंडेनवमीला ती रजेवर होती, आईला घेऊन धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी नागपूरला गेली होती. जयसिंगरावांनी ते मनात ठेवलं. त्यांनी स्वतःच्या हातानं झेंडूचा जाडजूड हार माझ्या तोंडावर घट्ट बांधला आणि तो आपोआप गळेपर्यंत कोणी हात लावायचा नाही, असं बजावलं.

सुट्ट्या संपल्या. साचलेलं काम एकदम माझ्यावर येऊन पडलं आणि भर दुपारी मी बंद पडले.

मित्रांनो, माझ्या जातीची एक सवय आहे. कामाच्या मध्येच बंद पडले, तर उठल्यावर मी आधी अर्धवट राहिलेलं आवरते. झालेलं पक्कं करते, न झालेलं पुसते आणि मगच इतरांना दार उघडते. ते काम फार दमवणारं असतं. त्या दिवशी ते आवरता आवरताच मी पुन्हा कोसळत होते. उठवलं की पडत होते.

मशिनी दुरुस्त करणाऱ्या बाहेरच्या कंपनीचा रोहिदास आला. आतल्या नोंदीच खराब झाल्या आहेत, त्या वाचताना ही पडते, असं त्यानं सांगून टाकलं. सगळं पुसा आणि सणाआधी काढून ठेवलेली नोंदींची प्रत चढवा, म्हणाला. म्हणजे त्यानंतर तपासलेला प्रत्येक ब्रेक भंगारात जाणार होता, कारण नोंद नसलेला ब्रेक कोणी गाडीला लावत नाही.

"पूजेला पाठ फिरवायची आणि मशीन बसली की तोंड पाडून उभं राहायचं," जयसिंगराव तनुजाला सगळ्यांदेखत म्हणाले. "पुसा सगळं. आणि राजीनामा लिहून ठेवा."

तनुजाचा चेहरा उतरला, पण ती माझ्यापासून हलली नाही.

"रोहिदासभाऊ, नोंद खराब असती, तर ही दर वेळी त्याच नोंदीपाशी पडली असती," ती म्हणाली. "ही कधी अलीकडं पडते, कधी पलीकडं."

"मॅडम, डबडंच आहे ते. कुठं पडायचं ते तुम्हाला विचारून पडणार का?" रोहिदास म्हणाला, आणि जयसिंगराव हसले.

 सगळे चहा घेऊन येईपर्यंत तनुजानं मला तशीच पडू दिलं आणि मग उठवलं, तर मी आवरण्यात बरीच लांब गेले. पडल्यावर लगेच उठवलं, तर दोन पावलांतच ढासळले. तिनं माझ्या पाठीवर तळवा टेकवला आणि चटका बसून मागं घेतला. पंखे ओरडत होते, पण वारा येत नव्हता. ती वळसा घालून माझ्या तोंडासमोर आली. सुकलेला हार जाळीला चिकटून बसला होता.

"हाराला हात लावायचा नाही," जयसिंगराव म्हणाले. "तुम्ही तर मुळीच नाही."

"मग तुम्ही काढा, साहेब," तनुजा म्हणाली. "मी थांबते."

रोहिदास छताकडं बघू लागला.  शेवटी जयसिंगरावांनी हार ओढून काढला. त्याखाली माझा लाल दिवा पेटलेला होता. ताप चढला की तो पेटतो. बिचारा दुपारपासून हाराआडून ओरडत होता.

तनुजानं जाळीत ओढल्या गेलेल्या पाकळ्या चिमट्यानं एकेक करून उपसल्या. मला निवू दिलं आणि मग बटण दाबलं. मी अर्धवट राहिलेलं सगळं आवरलं, शेवटपर्यंत, आणि दार उघडलं. एकही नोंद हरवली नव्हती.

जयसिंगरावांनी माफी मागितली असेल, असं समजू नका. "फूलवाल्यानं हारच भलता जाड दिला होता," एवढं बोलून ते गेले. राजीनाम्याचा विषय पुन्हा कोणी काढला नाही. आजही ते दोघं एकमेकांशी कामापुरतंच बोलतात.

मित्रांनो, मला पूजा नको, असं नाही. पण ज्याला हार घालाल, तो श्वास कुठून घेतो, एवढं आधी बघा. आणि कोणी धडपडून पडत असेल, तर दोष कुणाच्या माथी मारायचा हे ठरवण्याआधी त्याच्या पाठीला हात लावून बघा.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर तनुजा एकटीच थांबली होती. तिनं मला हात जोडले नाहीत. पर्समधून रुमाल काढला आणि माझी जाळी पुसली.