सावड

नंदकुमारांनी खोडरबर दाबून ‘श्रमदान’ हा शब्द पुसला आणि त्या जागी बारीक अक्षरात ‘सावड’ लिहिलं. रबराचा चुरा फुंकण्याआधी त्यांनी दाराकडे पाहिलं. पत्नी सुचित्राबाई स्वयंपाकघरात होत्या. तरीही त्यांनी पानावर डावा तळहात आडवा धरला, परीक्षेत शेजाऱ्यापासून उत्तर लपवावं तसा.

हस्तलिखिताच्या गठ्ठ्याखाली ते पत्र होतं. अकरा महिने होऊन गेले होते आणि त्यांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं.

पत्र संपतचं होतं. इथे आखातात, अल थुमामात, लेक आसावरीच्या घराच्या खिडकीतून जे स्टेडियम उभं राहताना दिसत होतं, तिथे मजुरांची ने-आण करणारी बस संपत चालवायचा. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमासाठी खुर्च्या आणि सतरंज्या त्याच्याच बसमधून आल्या होत्या. नंदकुमारांनी त्या दिवशी आपल्या अनुवादाचं एक प्रकरण वाचलं होतं. नाशिकच्या कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्यापासून आठ वर्षं ते ही एकच कादंबरी मराठीत करत होते. घानामधल्या कोको पिकवणाऱ्या एका खेड्याची ती गोष्ट. इंग्रजांचे शेवटचे दिवस, लॉरीवाल्यांच्या तोंडून गावात पोचणाऱ्या स्वातंत्र्याच्या बातम्या, आणि या सगळ्याच्या मध्ये कुणालाही न जुमानणारी एक म्हातारी. कॉलेजच्या ग्रंथालयाने रद्दीत काढलेली ती प्रत त्यांनी उचलून आणली होती. दुसरी कुठेच मिळत नव्हती.

वाचन संपायच्या आधीच अर्धी मंडळी जेवणाच्या ताटांकडे गेली होती. मागे खुर्च्या रचणारा संपत मात्र हातात खुर्ची तशीच धरून उभा राहिला. नंतर जवळ येऊन म्हणाला, “सर, ती म्हातारी पुढं काय करते?”

आठ वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. ते इतके हरखले, की पुढच्याच आठवड्यात त्यांनी मूळ पुस्तकाच्या पहिल्या चार प्रकरणांची झेरॉक्स काढून त्याला दिली. “डिक्शनरी घेऊन बसा,” असंही वडीलकीने सांगितलं.

दोन महिन्यांनी एक दोनशेपानी वही आली आणि तिच्यात हे पत्र.

‘आदरणीय सरांस संपतचा नमस्कार. फोनवर बोलायला भिती वाटते म्हणून लिहीतो. चार प्रकरणं मराठीत करून पाहिली. साईटच्या गेटवर क्वाबेना म्हणून घानाचा सिक्युरिटी आहे, अडलेलं त्याला विचारलं. न्नोबोआ म्हणजे त्यांच्याकडं आज सगळ्यांनी एकाच्या रानात राबायचं, उद्या दुसऱ्याच्या. आमच्याकडं त्याला सावड म्हणतात म्हणून तसं लिहीलं. गोरा साहेब रस्त्यासाठी माणसं धरून नेतो त्याला वेठ लिहीलं. तुम्ही मंडळात वाचलं तेव्हा मला दोन्हीला श्रमदान ऐकू आलं. माझ्या ऐकण्यात चूक झाली असणार. पुढची पानं द्याल का? पुस्तक तुमचं आहे. नको म्हणालात तर थांबतो.’

ऐकण्यात चूक नव्हती. आठ वर्षं नंदकुमारांनी दोन्हीला श्रमदानच म्हटलं होतं. चौथ्या प्रकरणात साहेब दुभाष्याकरवी गावाला सांगतो, की रस्त्याचं काम म्हणजे तुमचं न्नोबोआच समजा. त्यावर म्हातारी उठते आणि विचारते, मग साहेब माझ्या शेतात कधी येणार? मूळ पुस्तकात सगळा गाव हसतो. हा गाव का हसतो, हे नंदकुमारांना कधी नीट उमगलं नव्हतं. श्रमदानाची परतफेड कुणी मागत नाही. शेवटी त्यांनी तिथे एक तळटीप दिली होती. सहा ओळींची.

संपतच्या वहीत तळटीप नव्हती. ‘सावड म्हणता, तर साहेब मपल्या रानात कवा येणार? न्हाय ना? मग वेठ म्हणा की.’ एवढंच होतं.

त्या रात्री त्यांनी लाल पेन घेऊन वहीतल्या शुद्धलेखनाच्या चुका मोजल्या. पहिल्या प्रकरणातच एकेचाळीस निघाल्या. मग वही कपाटात स्वेटरच्या घडीत ठेवून दिली. उत्तर द्यायलाच हवं असं थोडंच होतं? पुस्तक त्यांच्याकडे होतं. ते गप्प बसले, की पाचवं प्रकरण आपोआपच होणार नव्हतं.

आणि आता ते त्याचे शब्द उचलून आपल्या पानांवर लिहीत होते.

दाराची घंटा वाजली.

“काकू, सर हायेत का?”

आवाज ओळखताच नंदकुमार उठले आणि झोपायच्या खोलीच्या दाराआड गेले. सुचित्राबाईंनी वळून पाहिलं, तेव्हा त्यांनी गालाखाली तळहात ठेवून झोपल्याची खूण केली.

“अरे, संपत! ये ना. सर... जरा पडलेत.”

“झोपू द्या. बसायला नाही आलो मी. उद्याच्या विमानानं गावाकडं चाललो. आमच्या कंपनीचं काम खलास इथलं.”

“म्हणजे? स्टेडियम तर अजून अर्धंच दिसतंय.”

“खड्डे अन् खांब आमच्या कंपनीचे. छत दुसऱ्याचं. मॅच आता परभणीत टीव्हीवर बघायची.”

“मग चहा घेतल्याशिवाय नाही जायचं. बस.”

कपबशीचा आवाज झाला. नंदकुमार दाराच्या फटीला कान लावून उभे राहिले. आपण काय करतो आहोत हे त्यांना कळत होतं. पाय मात्र हलत नव्हते.

“तुझी वही वाचली मी,” सुचित्राबाई म्हणाल्या.

नंदकुमारांनी डोळे मिटले.

“स्वेटरमध्ये सापडली. वाचता वाचता कुकरखालचा गॅस राहिला तसाच, भात पार लागला. आणि ती म्हातारी! साहेब कवा येणार म्हणते! एकटीच हसत बसले होते, आसावरी विचारायला लागली काय झालं म्हणून.”

“ती आमची तानूबाई चुलतीच हाय काकू. मी काय केलं नाही त्यात. ती अशीच भांडायची तलाठ्यासंगं.”

नंदकुमारांची पानं वाचताना सुचित्राबाईंना चष्म्यासकट झोप लागायची. दमतात बिचाऱ्या, असं ते इतकी वर्षं समजत आले होते.

“मग पुढचं कधी लिहिणार?”

थोडा वेळ चमचा ढवळल्याचा आवाज येत राहिला.

“पुढचं नाही आता. सरांनी उत्तर नाही दिलं, म्हणजे दिलंच की. बरोबर हाय त्यांचं. आठ वर्षं घासलीत त्यांनी. मी काल आलो अन् शहाणपण शिकवायला लागलो. ही त्यांची झेरॉक्स तेवढी द्यायला आलतो.”

दाराआड नंदकुमारांच्या छातीतलं काहीतरी सैल झालं. अकरा महिने अडकलेला श्वास सुटावा तसं. संपलं. आता घराबाहेर कुणाला कळणार नव्हतं, की दुसरी एक वही होती. त्यांना चक्क आनंद झाला, आणि तो आनंदच आहे हे त्यांना स्वच्छ कळलं.

तेवढ्यात शाळेची बॅग ओढत वल्लरी आतल्या खोलीतून बाहेर आली. नऊ वर्षांच्या नातीचा आवाज बंद घरात खणखणला.

“आजोबा, व्हाय आर यू हायडिंग बिहाइंड द डोअर?”

बाहेर कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला. चार प्रकरणं मराठीत उतरवलेल्या माणसाला त्या वाक्याचा अर्थ सांगावा लागणार नव्हता.

“येतो काकू,” संपत म्हणाला. नेहमीपेक्षा जरा मोठ्यानेच. “सरांना उठवू नका. या वयात लागलेली झोप मोडू नाही.”

मग लिफ्टचा दरवाजा सरकला.

झेरॉक्सचा गठ्ठा सुचित्राबाईंनी टेबलावर आणून ठेवला. शेवटच्या पानाच्या पाठीवर संपतने पत्ता लिहिला होता. तालुका जिंतूर, जिल्हा परभणी. ‘कधी आमच्याकडं आलात तर’ असं खाली होतं.

पुढचे चार दिवस नंदकुमारांनी मान वर केली नाही. जिथे जिथे श्रमदान होतं तिथे तिथे सावड किंवा वेठ झालं. तळटीप त्यांनी तिरकी रेघ मारून काढून टाकली. पाचव्या दिवशी सकाळी ते पान घेऊन स्वयंपाकघरात गेले. सुचित्राबाई मेथी निवडत होत्या.

“ऐकतेस का जरा? एकच परिच्छेद आहे.”

“वाचा.”

ते वाचू लागले. घसा साफ करून म्हातारीच्या वाक्यापाशी आले. “‘जर ही सावड असेल, तर साहेब माझ्या शेतामध्ये कधी येणार आहेत?’”

सुचित्राबाई मेथीची काडी मोडून बाजूला टाकत राहिल्या.

“बरोबर आहे,” त्या म्हणाल्या.

“हसू आलं का?”

“बरोबर आहे म्हटलं ना.”

“सुचित्रा.”

“खरं सांगू? तुमच्यात ती मास्तरीण होते. शेतामध्ये म्हणते. येणार आहेत म्हणते. अशी बाई साहेबाला हटकेल कशाला? अर्ज लिहील.”

नंदकुमार हसले नाहीत. त्यांनी पानाकडे पाहिलं. सावड हा शब्द त्या वाक्यात पाहुण्यासारखा बसला होता, खुर्चीच्या काठावर, चप्पल न काढता.

“मग काय म्हणेल ती?”

“मला काय ठाऊक? मी भर नाशकात वाढलेली. ज्याला ठाऊक आहे त्याला विचारा.” जुडी संपली होती. त्यांनी देठं वर्तमानपत्रात गुंडाळली. “आणि शब्द त्याचा घेतलात, हे कळवलंत का त्याला?”

“तुला कसं...”

“रबराचा चुरा कोण झाडतं टेबलावरचा, अहो?”

त्या दुपारी ते पत्र लिहायला बसले. पहिल्या पत्रात शुद्धलेखनाच्या चुकांची यादी झाली, ‘भिती नव्हे, भीती’ अशी सुरुवात होऊन. ते फाडलं. दुसऱ्यात कौतुक केलं. वाचून पाहिलं तर ते कौतुक व्यासपीठावरून खाली वाकून पाठ थोपटावी तसं वाटत होतं. ‘आपल्यासारख्या कष्टकरी माणसाने’ इथपर्यंत आल्यावर तेही फाडलं.

मग त्यांनी मूळ पुस्तक उघडलं. समास पेन्सिलच्या टिपणांनी भरले होते. अवघड शब्द, झाडांची नावं, एकेका वाक्याला चार-चार पर्याय. हे सगळं त्याला आयतं मिळणार. त्यांनी रबर घेतलं आणि पहिल्या पानावरची टिपणं पुसायला सुरुवात केली. पाचव्या प्रकरणाच्या दुसऱ्या पानावर ‘ही बाई कशी बोलेल? कळत नाही’ असं त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. सहा वर्षांपूर्वीचं असावं. ते वाचून त्यांनी रबर खाली ठेवलं.

तिसरं पत्र अर्ध्या पानाचं झालं.

‘श्री. संपत यांस, सप्रेम नमस्कार. आपल्या ऐकण्यात चूक नव्हती, माझ्या वाचण्यात होती. वही सोबत परत पाठवत आहे. लाल शाईकडे लक्ष देऊ नये. पुस्तकही पाठवत आहे. सुरुवातीच्या काही पानांवरची माझी टिपणं पुसली गेली आहेत, त्याबद्दल क्षमस्व. बाकीची आहेत. उपयोगी पडली तर घ्यावीत. थांबू नये. त्या दिवशी मी झोपलो नव्हतो. आपला, नंदकुमार.’

दुसऱ्या दिवशी वेस्ट बेच्या ऑफिसला जाता जाता आसावरीने त्यांना समुद्राकाठच्या कॉर्निश रस्त्यावरच्या टपाल कार्यालयापाशी सोडलं. “मी येऊ का आत, बाबा?” तिने विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. नंबराची चिठ्ठी घेऊन ते पुडकं मांडीवर धरून बसले. बाहेर रस्त्याच्या दुभाजकावर फुटबॉल विश्वचषकाचे झेंडे लागले होते, वाऱ्याने ते काठीला गुंडाळले जात होते.

खिडकीवर एक मल्याळी माणूस होता.

“इंडिया? ऑर्डिनरी या रजिस्टर्ड, अंकल?”

“ऑर्डिनरी,” नंदकुमार म्हणाले. शब्द तोंडातून आपोआप निघाला.

माणसाने पुडकं तोललं, तिकिटं लावली आणि मागच्या पोत्यात भिरकावलं. नंदकुमार दाराकडे निघाले. पावलं हलकी पडत होती. आपण पाठवलं. साध्या टपालाने, समुद्रापार, तालुका जिंतूर. पोचायचं तर पोचेल. वाटेत कुठे राहिलं, तर त्यात कुणाचा दोष नाही. असं होतंच. सुचित्रालाही सांगता येईल, की मी तर पाठवलं होतं.

काचेच्या दारावर हात टेकून ते थांबले.

“यल्ला, यल्ला,” मागून कुणीतरी अरबीत घाई केली. त्यांनी बाजूला होऊन त्याला वाट दिली. मग ते परत फिरले, नंबर न घेता, रांगेतल्या माणसांकडे न बघता, आयुष्यात पहिल्यांदाच.

“भाईसाब, वो मेरा पैकेट... रजिस्टर्ड कर दीजिए.”

“अभी तो ऑर्डिनरी बोला आपने.”

“गलती हुई.”

माणसाने उसासा टाकून पोत्यात हात घातला, पुडकं शोधून काढलं आणि फॉर्म पुढे सरकवला. “क्या है अंदर? पासपोर्ट है क्या?”

“किताब.”

“किताब के लिए रजिस्टर्ड?” तो हसला. “दूसरी नहीं मिलेगी क्या?”

“नाही,” नंदकुमार मराठीतच म्हणाले आणि पाठवणाऱ्याच्या रकान्यात आपलं नाव लिहू लागले. मल्याळी माणसाने नंबराची पट्टी चिकटवली, दोनदा शिक्का मारला आणि पुडकं दुसऱ्या पोत्यात टाकलं.