उघडा कान

जठारपेठेतल्या त्या घरात माडीवर कीबोर्ड ठेवायला गोदाबाईंनी सुनेला परवानगी दिली, ती दोन अटींवर. वाद्याचा आवाज जिन्याखाली उतरता कामा नये, आणि हाक मारली की पहिल्या हाकेला ओ आली पाहिजे. पहिल्या अटीसाठी हर्षाने हेडफोन घेतला. दुसरीसाठी त्यातून उजवा कान बाहेर ठेवला. अमरावतीहून अकोल्यास नांदायला आलेली ही मुलगी लग्नापासून अशी एका कानाने वाजवीत होती.

गोदाबाई दुष्ट नव्हत्या. असत्या, तर भांडता तरी आले असते. पहाटे फुलांचा माल उतरवून घेण्यापासून रात्री दाराला कडी लागेपर्यंत सारे घर त्यांच्या शब्दावर चालत होते. मुलगा कुलदीप फुलांचे दुकान पाही, तोही त्या शब्दाबाहेर नसे. हर्षा तापाने फणफणली तेव्हा ह्याच बाई रात्रंदिवस तिच्या उशाशी बसल्या होत्या. अशा माणसावर रागवावे तर कोणत्या तोंडाने?

त्या एका कानाच्या बळावर तिने अख्खा अल्बम उभा केला. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात त्या जातीचे संगीत. लांबलचक रचना, मध्येच वळण घेणारा ठेका, आणि गाणारे कोणीच नाही. सूर सारे तिच्या एकटीच्या बोटांचे, ड्रम लॅपटॉपवर बसवलेले. नाव ठेवले ‘जिना’. अल्बम इंटरनेटवर गेला आणि अमरावतीच्या एका लहानशा सभागृहाने तिला तो रविवारी लोकांसमोर वाजवायला बोलावले. सासूने अजून हो म्हटले नव्हते. म्हणणार तरी कशा? त्यांना ठाऊक होती ती फक्त वरच्या खोलीतली पट्ट्यांची टकटक.

नणंद आकांक्षा माहेरपणाला आली होती. तिने बैठकीत स्पीकर मांडला. “आई, वयनीचं ऐक तं एकदा. मंग काय ते ठरव.”

गोदाबाई शेवंतीचा हार ओवत होत्या. थोडा वेळ ऐकून म्हणाल्या, “गानारी कुठी हाय?”

“गानारी नाई यात. नुसतं वाजवनं हाय.”

“मंजे पंगत बसवली अन् वाढपी पळून गेले.”

हर्षा खांबाशी उभी होती. तिने पदराचे टोक बोटाला गुंडाळले, सोडले, पुन्हा गुंडाळले.

सर्वांत लांब रचना लागली. हळूहळू गोदाबाईंच्या हातातली सुई ठेका धरू लागली. “हे तं आपल्या माडीवरची टकटक हाय,” त्या स्वतःशीच पुटपुटल्या. ठेका चढत गेला, सूर एकमेकांवर चढले, आणि ऐन भरात सारे थांबले. स्पीकरमधून काहीच येईना.

मान वरही न करता गोदाबाई म्हणाल्या, “हर्षा, चाय मांड वं.”

“आली, आई.”

आणि त्याच क्षणी संगीत पुन्हा सुरू झाले.

आकांक्षा हसून हसून लोळायची बाकी राहिली. “आई, नेमकी जाग्यावर आलीस वं तू.”

गोदाबाई हसल्या नाहीत. त्यांनी सुई खाली ठेवली. “मांगं घे. पुन्हा लाव.”

दुसऱ्या वेळी ती जागा आली तेव्हा त्यांनी ओठ मिटून घेतले. शांतता आली आणि रिकामीच निघून गेली. मग त्यांनी सुनेकडे पाहिले. “हे माहं बोलावनं हाय?”

“मुद्दाम नाई केलं, आई. हाक आली की हात उचलले जायचे. मंग त्याइले तिथंच थांबाची सवय लागली.”

“एवढ्यांदा बोलावत होती मी तुले?”

गोदाबाईंनी हार पुन्हा मांडीवर ओढला. “जाय रविवारी. कुलदीप नेऊन देईन. दोन्ही कान लावून वाजव.” दोन फुले ओवून झाल्यावर त्या म्हणाल्या, “अन् चाय मांड आता.”

रविवारी अमरावतीचे ते सभागृह भरले. घर उघडे टाकायचे कसे, म्हणून गोदाबाई अकोल्यातच राहिल्या. कुलदीप शेवटच्या रांगेत बसला. हर्षाच्या कानांवर आज काही नव्हते. सूर भिंतींवर आदळून तिच्याकडे परतत होते, आणि आपणच हे बांधले यावर तिचा विश्वास बसत नव्हता.

ती लांब रचना आली. ठेका चढला, थांबला. तिने हात उचलले.

पुढचा सूर तिने छेडायचा, त्याशिवाय लॅपटॉपवरचे ड्रमही सुरू होणार नव्हते. हात मात्र वरच राहिले. कोणीतरी खोकले, एक खुर्ची करकरली. हाक येणार नाही, हे तिला पक्के ठाऊक होते. हाक मारणारीनेच तर तिला मोकळे करून इथे पाठवले होते. तरी उजवा कान तिथे नसलेल्या जिन्याकडे लागून राहिला, आणि बोटे त्याच्या हुकमाची वाट पाहत राहिली. शेवटच्या रांगेत कुलदीप अर्धवट उठला.

हर्षाने मान खाली घातली.

“आली, आई,” ती म्हणाली, आणि हात पट्ट्यांवर पडले.

माईक जवळच होता. लोकांना तो रचनेचाच भाग वाटला. त्यांनी मनापासून टाळ्या दिल्या. कुलदीप परत खाली बसला होता; एकट्या त्याचे हात तेवढे मांडीवर राहिले.